आईच्या रक्तातील अँटी-रो प्रतिपिंडे आणि गर्भातील बाळाचा हार्ट ब्लॉक: नोंदणीपासून प्रसूतीनंतरपर्यंत काय करावे

गर्भातील बाळाचे हृदय साधारणपणे मिनिटाला ११० ते १६० ठोके देते. हा आकडा ५५-६० वर येऊन स्थिरावलेला आढळला आणि सोनोग्राफीत हृदयाची रचना मात्र निर्दोष दिसली, तर त्याचे कारण बहुतेक वेळा बाळात नसून आईच्या रक्तातील अँटी-रो आणि अँटी-ला या दोन प्रतिपिंडांत (अँटीबॉडीज) असते. हा आजार दुर्मीळ आहे. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळात तो आढळतो. मराठवाड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाला वर्षानुवर्षे असा रुग्ण दिसत नाही आणि दिसतो तेव्हा वेळ हातातून गेलेली असते. पूर्ण हार्ट ब्लॉक एकदा झाला की तो उलटत नाही. म्हणून जे काही करायचे ते त्याआधीच करावे लागते, आणि त्यासाठी गर्भारपणाचा सोळावा ते सव्विसावा आठवडा हा काळ कोठे, कसा आणि कोणाच्या देखरेखीखाली जाणार हे नोंदणीच्या दिवशीच ठरवावे लागते. पुढील मार्गदर्शन त्याच बेताने लिहिले आहे. औषधे अर्थातच तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. ‘ब्लॉक’ म्हटले की नातेवाइकांच्या मनात रक्तवाहिनीतील अडथळा आणि अँजिओप्लास्टी येते. येथे रक्तवाहिन्या मोकळ्या असतात. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे विद्युतसंदेश नेणारा एकच मार्ग असतो आणि तो मार्ग निकामी होतो. विहिरीला भरपूर पाणी असूनही शेताकडे जाणारा एकुलता एक पाट बुजावा, तसे हे आहे. वरचे कप्पे १४० च्या गतीने चालू राहतात आणि खालचे कप्पे संदेशाची वाट न पाहता स्वतःच्या संथ गतीने, म्हणजे ५०-६० ने, आकुंचन पावतात.

आईची प्रतिपिंडे बाळापर्यंत कशी पोहोचतात

गर्भारपणात आईला धनुर्वाताची लस दिली जाते, तेव्हा तिच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात आणि जन्मानंतरही त्याचे रक्षण करतात. अँटी-रो आणि अँटी-ला याच वाटेने जातात. वारेतील विशिष्ट ग्राहक (रिसेप्टर) ही आयजीजी प्रकारची प्रतिपिंडे उचलून पलीकडे नेतात. हे काम साधारण बाराव्या आठवड्यापासून सुरू होते आणि दुसऱ्या तिमाहीत वेग घेते. म्हणूनच धोक्याचा काळ सोळाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतो आणि सव्विसाव्या आठवड्यानंतर नवा ब्लॉक क्वचितच होतो.

रो आणि ला ही प्रथिने एरवी पेशींच्या आत असतात. वाढत्या हृदयात काही पेशी नैसर्गिकरीत्या मरतात, तेव्हा ती पेशींच्या पृष्ठभागावर येतात आणि आईची प्रतिपिंडे त्यांना चिकटतात. मग शेजारच्या निरोगी पेशींना मृत पेशींची सफाई करता येत नाही, भक्षक पेशी धावून येतात, दाह होतो आणि दाहाच्या जागी व्रण बनतो. वरच्या व खालच्या कप्प्यांमधील संदेशवाहक गाठीत हा व्रण तंतुमय होतो, कधी त्यात कॅल्शियमही साचते. याखेरीज ही प्रतिपिंडे हृदयपेशींच्या कॅल्शियम मार्गिकांनाही (चॅनेल) थेट बाधा आणतात असे प्रयोगांत दिसले आहे, आणि संदेशवाहक गाठ नेमकी त्याच मार्गिकांवर अवलंबून असते. दाह पसरला तर हृदयाचे स्नायू आणि आतील अस्तरही जाड व कमजोर होऊ शकते. आईच्या स्वतःच्या हृदयाला मात्र सहसा काही होत नाही.

एवढे असूनही अँटी-रो पॉझिटिव्ह असलेल्या शंभर स्त्रियांपैकी एक-दोघींच्याच बाळाला ब्लॉक होतो. जुळ्यांतसुद्धा एका बाळाला ब्लॉक आणि दुसरे पूर्ण निरोगी, असे घडते. म्हणजे प्रतिपिंडांसोबत बाळाच्या बाजूचेही काही घटक जुळून यावे लागतात. आपल्या भागात मामेबहिणीशी किंवा आतेबहिणीशी लग्न करण्याची पद्धत असल्याने घरात सर्वप्रथम नात्यातील लग्नालाच दोष दिला जातो. या आजाराचे कारण ते नाही. आईच्या खाण्यापिण्याचा, कष्टाचा किंवा ग्रहणाचाही याच्याशी काही संबंध नाही.

पहिली पायरी: तपासणी कोणाची करावी

सरसकट प्रत्येक गरोदर स्त्रीची ही तपासणी करण्याची शिफारस नाही आणि ती करू नये असेच माझे मत आहे, कारण पॉझिटिव्ह निघालेल्या बहुसंख्य स्त्रियांच्या वाट्याला केवळ भीती येईल. मात्र ल्युपस, श्योग्रेन किंवा संधिवाताच्या गटातील कोणताही स्वप्रतिकारक (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असा) आजार असलेली स्त्री, पूर्वी हार्ट ब्लॉक असलेले बाळ झालेली स्त्री, पूर्वीच्या बाळाच्या चेहऱ्यावर जन्मानंतर काही आठवड्यांत वलयाकार लाल चट्टे उठले होते अशी स्त्री, आणि अंगाला सूज येऊन गर्भ दगावला पण कारण सापडले नाही अशी स्त्री, या सर्वांची तपासणी झालीच पाहिजे.

अडचण अशी की, ब्लॉक असलेल्या बाळांच्या जवळपास निम्म्या मातांना निदानाच्या वेळी स्वतःला काहीही त्रास होत नसतो, किंवा होत असलेला त्रास आजार म्हणून मोजलेलाच नसतो. डोळ्यांत सतत माती गेल्यासारखे खुपते, भाकरीचा घास पाण्याशिवाय गिळवत नाही, सकाळी बोटांचे सांधे आखडलेले असतात, शेतात दुपार काढली की गालांवर लाली उठते आणि ती आठवडाभर राहते. मराठवाड्याच्या उन्हात आणि धुळीत राहणाऱ्या बाईला यातले काहीही सांगण्यासारखे वाटत नाही. म्हणून नोंदणीच्या वेळी परिचारिकेने किंवा आशाताईंनी हे प्रश्न एकेक करून, तिला समजेल अशा भाषेत विचारावेत. ‘काही आजार आहे का?’ असे विचारल्यास उत्तर ‘नाही’ हेच येते.

दुसरी पायरी: योग्य तपासणी मागावी

येथे नेहमी एक गफलत होते. केवळ एएनए ही स्वप्रतिकारक आजारांची प्राथमिक रक्ततपासणी केली जाते, ती निगेटिव्ह येते आणि विषय संपतो. अँटी-रो असलेल्या काही रुग्णांत एएनए निगेटिव्ह येऊ शकते. त्यामुळे चिठ्ठीवर ‘ईएनए प्रोफाइल’ किंवा स्पष्ट शब्दांत ‘अँटी-रो ६०, अँटी-रो ५२ आणि अँटी-ला’ असे लिहून घ्यावे. तालुक्याच्या ठिकाणी रक्त घेऊन नमुना मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवला जातो आणि अहवाल यायला काही दिवस लागतात. म्हणून गर्भधारणेपूर्वी, किंवा ते जमले नसेल तर बाराव्या आठवड्याच्या आत रक्त द्यावे. ही प्रतिपिंडे सहसा वर्षानुवर्षे टिकतात. एकदा निश्चित पॉझिटिव्ह आल्यावर दर महिन्याला तीच तपासणी करण्यात पैसे घालवू नयेत. प्रमाण किती आहे हे मात्र एकदा मोजून घेणे उपयोगाचे असते, कारण धोका मुख्यतः जास्त प्रमाण असलेल्या स्त्रियांत एकवटलेला असतो. लाइन ब्लॉट पद्धतीत अधिकची (+) चिन्हे मिळतात, एलायझा पद्धतीत आकडा मिळतो.

ल्युपस असेल तर मूत्रपिंडाच्या तपासण्या आणि फॉस्फोलिपिडविरोधी (रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढवणारी) प्रतिपिंडे यांचीही तपासणी याच वेळी व्हावी, कारण त्यांचे धोके वेगळे असतात.

तिसरी पायरी: हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन

प्रतिबंधासाठी आज हाताशी असलेले सर्वांत भरवशाचे औषध हेच आहे. अमेरिकेतील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘पॅच’ या अभ्यासात, आधीचे बाळ हार्ट ब्लॉकचे असलेल्या स्त्रियांना दहाव्या आठवड्याच्या आत रोज ४०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन सुरू केले गेले, आणि पुढच्या बाळात ब्लॉक होण्याचे प्रमाण एरवीच्या सुमारे १८ टक्क्यांवरून ७.४ टक्क्यांवर आले. त्याच वर्षी अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने अँटी-रो किंवा अँटी-ला पॉझिटिव्ह असलेल्या सर्वच गरोदर स्त्रियांना हे औषध देण्याची सशर्त शिफारस केली. दीर्घकाळ घेताना प्रतिकिलो वजनाला ५ मिलिग्रॅमची मर्यादा पाळण्याची पद्धत आहे. आपल्याकडे पंचेचाळीस-पन्नास किलो वजनाच्या गरोदर स्त्रिया पुष्कळ असल्याने नेमका डोस संधिवाततज्ज्ञांनीच ठरवावा. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घ्यावी.

औषधाच्या दुकानात ‘ही मलेरियाची गोळी, गरोदरपणात कशाला?’ असे कोणी म्हटले म्हणून ती बंद करू नये. ती गरोदरपणात आणि स्तनपानातही चालते. उलट ल्युपसच्या रुग्णाने ती अचानक सोडली तर आजार उफाळून येतो.

दोन उपाय केवळ प्रतिबंध म्हणून करू नयेत. प्रेडनिसोलोन वारेतच बहुतांश निष्क्रिय होते आणि बाळापर्यंत फारसे पोहोचत नाही, त्यामुळे आईच्या आजारासाठी गरज असेल तरच ते द्यावे. इम्युनोग्लोब्युलिनच्या महागड्या सलाइनचा प्रतिकिलो ४०० मिलिग्रॅम या मात्रेत उपयोग झाला नाही, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतून दिसले आहे. कोणी त्यासाठी शेत गहाण टाकायला निघाले असेल तर त्यांना हे सांगितले पाहिजे.

चौथी पायरी: दहा आठवड्यांचे कॅलेंडर

माझ्या मते संपूर्ण नियोजनाचा कणा हाच आहे आणि तो डॉक्टरांच्या नव्हे, तर कुटुंबाच्या वर्षावर बसवावा लागतो. समजा, शेवटची पाळी १० जुलैला आली. सोळा आठवडे ३० ऑक्टोबरला पूर्ण होतात आणि सव्विसावा आठवडा ८ जानेवारीला संपतो. बीड, जालना, परभणी या भागांतील ऊसतोड कुटुंबांसाठी हा ऐन हंगाम असतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास गाडी भरते आणि कोयता पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो. नेमक्या ज्या आठवड्यांत दर आठ-पंधरा दिवसांनी बाळाच्या हृदयाची तपासणी हवी, त्याच आठवड्यांत ती बाई फडाजवळच्या कोपीत असते. मुकादमाकडून उचल घेतल्यानंतर हे लक्षात आले तर घरात तिच्यासाठी बोलायला कोणी उरत नाही. म्हणून उचल घेण्यापूर्वी, नोंदणीच्या वेळीच, आरोग्यसेविकेने पती आणि सासू-सासऱ्यांना समोर बसवून या दोन तारखा माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून द्याव्यात. शक्य असेल तर तिने हंगामाला जाऊ नये. जावेच लागले तर कारखान्याजवळच्या शहरात फीटल इको (गर्भातील बाळाच्या हृदयाची खास तपासणी) कोठे होतो हे आधीच शोधावे आणि अहवालांची प्लॅस्टिकची फाइल तिच्याजवळच असावी.

दुसरी गोष्ट माहेराची. आपल्याकडे पहिलटकरीण सातव्या महिन्यात डोहाळजेवणानंतर माहेरी जाते, म्हणजे धोक्याचा काळ सासरीच सरलेला असतो. या तपासण्यांची जबाबदारी सासरची आहे, ‘माहेरी गेल्यावर बघतील’ हे येथे चालत नाही. मात्र ब्लॉक सापडला असेल तर प्रसूती माहेरच्या गावी होईल की नाही, याचा निर्णय रुग्णालयाच्या सोयीनुसार घ्यावा लागतो.

फीटल इको ही नेहमीची सोनोग्राफी नव्हे. ती गर्भवैद्यकतज्ज्ञ किंवा बालहृदयरोगतज्ज्ञ करतात. छत्रपती संभाजीनगर, नांदेड आणि लातूर येथे चौकशी करावी. धाराशिवच्या लोकांना सोलापूर, तर नांदेडच्या लोकांना हैदराबादही पर्याय असतो. फोन करून, ‘फीटल इकोमध्ये पीआर अंतर मोजून मिळेल का?’ असे स्पष्ट विचारूनच निघावे. इतर सोनोग्राफीप्रमाणे येथेही पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानविरोधी) कायद्यान्वये एफ फॉर्म भरला जातो, त्यासाठी ओळखपत्र सोबत असावे.

या तपासणीत डॉपलरच्या आलेखावर वरच्या कप्प्याच्या आकुंचनाची सुरुवात आणि खालच्या कप्प्यातून रक्त बाहेर पडण्याची सुरुवात यांतील अंतर, म्हणजेच पीआर अंतर, मोजतात. ते सहसा १२० मिलिसेकंदांच्या आसपास असते आणि १५० च्या पुढे गेले तर पहिल्या पायरीचा ब्लॉक (संदेश उशिरा पोहोचतो) मानतात. आधीचे बाळ बाधित असेल तर सोळाव्या-अठराव्या आठवड्यापासून सव्विसाव्यापर्यंत दर आठवड्याला, आणि तसे नसेल तर तज्ज्ञ ठरवतील त्या अंतराने ही तपासणी होते.

पाचवी पायरी: दोन तपासण्यांच्या मधला काळ

आठवड्याला एक इको पुरेसा नाही, कारण निरोगी ठोक्यापासून पूर्ण ब्लॉकपर्यंतचा प्रवास कधीकधी चोवीस तासांच्या आतच होतो. यावर उपाय म्हणून जास्त प्रमाणात अँटी-रो असलेल्या मातांनी घरीच हातातील डॉपलर यंत्राने दिवसातून दोन-तीन वेळा ठोके ऐकण्याची पद्धत अमेरिकेत ‘स्टॉप ब्लॉक’ या अभ्यासात वापरली गेली आहे. त्यात बाळाचे चित्र दिसत नाही, केवळ आवाज येतो.

रीत अशी. लघवी करून यावे, किंचित कुशीवर रेलून पडावे, बेंबीच्या खाली जेल लावून यंत्राचे टोक सावकाश फिरवावे. वाऱ्यासारखा फुसफुसणारा आवाज वारेचा किंवा गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचा असतो, तो बाळाचा नव्हे. बाळाचा ठोका जलद आणि टपटप असा येतो. तो सापडला की दुसऱ्या हाताने स्वतःच्या मनगटाची नाडी धरावी. यंत्रातला ठोका आणि नाडी एकाच वेळी पडत असतील तर आपण आपलाच ठोका ऐकत आहोत. वेगळा असेल तर पूर्ण एक मिनिट ऐकावे. यंत्रावरचा आकडा उड्या मारतो, त्याच्यापेक्षा कानाला लय कशी वाटते ते महत्त्वाचे. मध्येच ठोका चुकणे, थांबून पुन्हा सुरू होणे, किंवा गती ११० च्या खाली स्थिर राहणे, यांपैकी काहीही आढळले तर त्याच दिवशी फीटल इको करावा. अनियमित ठोके पुष्कळदा निरुपद्रवी असतात, पण ते ठरवण्याचे काम इकोचे आहे. दुसऱ्या पायरीच्या ब्लॉकवर (काही संदेश अडतात) उपचाराची जी संधी असते ती काही तासांचीच असते, ‘सोमवारी बघू’ म्हणण्याइतकी सवड नसते.

ठोका सापडलाच नाही तर घाबरून रात्र काढू नये, जवळच्या रुग्णालयात जाऊन तपासून घ्यावे.

सहावी पायरी: ब्लॉक आढळल्यास

पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीचा ब्लॉक असेल तर रोज ४ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन काही आठवडे देण्याचा विचार केला जातो, कारण हे स्टिरॉइड वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचते. त्याचा निश्चित फायदा किती यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. त्याने आईची साखर आणि रक्तदाब वाढू शकतो, गर्भजल कमी होऊ शकते आणि बाळाची वाढ खुंटू शकते. पूर्ण ब्लॉक असेल आणि हृदयात इतरत्र दाह नसेल तर डेक्सामेथासोन देऊ नये अशी अमेरिकन कॉलेजची भूमिका आहे. दाह असेल, अंगाला पाणी सुटले असेल किंवा हृदय कमजोर असेल तर निर्णय वेगळा होतो. ठोके ५० ते ५५ च्याही खाली गेले तर सालब्युटामॉल किंवा टर्ब्युटालिन देऊन गती थोडी वाढवण्याचा प्रयत्न केला जातो.

कुटुंबाला खरे आकडे सांगावेत. पूर्ण ब्लॉक झालेल्या बाळांपैकी साधारण १७ ते २० टक्के दगावतात, बहुतेक गर्भातच किंवा जन्मानंतर लवकर. विसाव्या आठवड्याआधी झालेला ब्लॉक, ५० च्या खाली गेलेली गती, अंगावर सूज आणि कमजोर हृदय ही वाईट लक्षणे होत. जी बाळे जगतात त्यांतील बहुसंख्यांना बालपणातच पेसमेकर लागतो, आणि तो बसवल्यावर ती शाळेत जातात, खेळतात.

सातवी पायरी: प्रसूती

या आजारात टाळता येण्याजोगी सर्वांत मोठी हानी येथे होते. बत्तीस आठवड्यांची बाई पोटात दुखते म्हणून जवळच्या रुग्णालयात जाते, बाळाचे ठोके ५८ येतात, बाळ गुदमरले आहे असे समजून तातडीने सिझेरियन होते, आणि अपुऱ्या दिवसांचे, हार्ट ब्लॉक असलेले बाळ बालहृदयरोगतज्ज्ञ नसलेल्या गावी जन्माला येते. गुदमरलेल्या बाळाचे ठोके घसरत जातात. ब्लॉक असलेल्या बाळाचे ठोके तासन् तास एकाच संथ लयीत राहतात आणि बाळ हालचाल करत असते. म्हणून फाइलच्या पहिल्याच पानावर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांकडून मोठ्या अक्षरात असे लिहून घ्यावे: ‘बाळाला पूर्ण हार्ट ब्लॉक आहे. नेहमीचे ठोके ५५ ते ६०. केवळ कमी ठोक्यांवरून प्रसूतीचा निर्णय घेऊ नये. सोनोग्राफीत हालचाल, गर्भजल आणि अंगावरील सूज तपासावी व पुढील क्रमांकावर बोलावे.’ हे चार ओळींचे पत्र कित्येक औषधांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

सूज नसेल आणि बाळ स्थिर असेल तर सदतिसाव्या आठवड्याच्या आसपासपर्यंत थांबण्याचा प्रयत्न करतात. कळांच्या काळात नेहमीच्या यंत्रावर बाळाची अवस्था कळत नसल्याने बहुतेक ठिकाणी नियोजित सिझेरियन केले जाते. नवजात अतिदक्षता विभाग आणि पेसमेकर बसवण्याची सोय असलेल्या रुग्णालयाच्या शहरात तारखेच्या काही दिवस आधीच मुक्कामाला जावे. बाळ पोटात असतानाचा प्रवास हा जन्मानंतर रुग्णवाहिकेतून केलेल्या प्रवासापेक्षा सहसा सुरक्षित असतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणत्या उपचाराला मंजुरी मिळते, कोणती कागदपत्रे लागतात, हे त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून सातव्या-आठव्या महिन्यातच विचारून घ्यावे.

आठवी पायरी: जन्मानंतर

बाळाचा ईसीजी लगेच काढतात. गती फार कमी असेल, हृदय कमजोर असेल किंवा रक्ताभिसरण अपुरे असेल तर तात्पुरते आयसोप्रिनॅलिन हे ठोके वाढवणारे औषध देऊन पेसमेकर बसवतात. नवजात बाळात त्याच्या तारा हृदयाच्या बाहेरील पृष्ठभागावर शिवतात आणि यंत्र पोटाच्या त्वचेखाली ठेवतात. ज्यांना लगेच गरज नसते त्यांचीही आयुष्यभर नियमित तपासणी लागते. पुढे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे बाळाची नोंद करून घ्यावी.

हृदय निरोगी असलेल्या बाळातही आईची प्रतिपिंडे काही महिने राहतात. त्यामुळे डोळ्यांभोवती आणि कपाळावर वलयाकार चट्टे उठू शकतात, प्लेटलेट कमी होऊ शकतात किंवा यकृताच्या तपासण्या बिघडू शकतात. सहा ते आठ महिन्यांत प्रतिपिंडे ओसरली की हे बरे होते. चट्टे उन्हाने वाढतात, म्हणून तेल लावून, न्हाऊ घालून बाळाला कोवळ्या उन्हात धरण्याची आपली पद्धत अशा बाळासाठी त्या काळात पाळू नये. आजींना याचे कारण समजावून सांगितले की त्या ऐकतात. ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यावेत. स्तनपान चालू ठेवावे.

आईने स्वतःची तपासणीही सोडू नये, कारण आज काहीही लक्षण नसलेल्या स्त्रियांपैकी काहींना पुढे श्योग्रेन किंवा ल्युपस होतो. पुढच्या बाळाला ब्लॉक होण्याची शक्यता १६ ते २० टक्के असते. म्हणून दुसऱ्या बाळाचा विचार करण्यापूर्वीच संधिवाततज्ज्ञांना भेटून हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन सुरू करावे, आणि पाळी चुकल्याच्या आठवड्यातच नोंदणी करून सोळाव्या व सव्विसाव्या आठवड्याच्या तारखा पुन्हा कार्डावर लिहून घ्याव्यात.